मळकट रंगांचं निदान : एका नवशिक्या मांगा चित्राची फाइल उघडून

चित्र एका धनुर्धारी मुलीचं. पूर्ण उभी आकृती, चेहरा किंचित बाजूला वळलेला, गुडघ्यापर्यंत हिरवा कोट, गळ्यात लाल स्कार्फ, कमरेपर्यंत सोडलेले तपकिरी केस. काढणारीचा हात पेन्सिलीवर चांगला बसलेला. वह्याच्या वह्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांच्या शैलीतल्या पात्रांनी भरलेल्या. संगणकावर मात्र पूर्ण रंगवलेलं हे तिचं पहिलंच चित्र. साधनं म्हणजे पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट आणि क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर. तक्रार एवढीच: “स्केच छान होतं. रंग भरले आणि सगळं मळकट झालं. मला रंग निवडता येत नाहीत, एखादी चांगली पॅलेट सुचवा.”

ही तक्रार नवशिक्यांकडून सतत ऐकू येते आणि तिचं उत्तरही बहुतेकदा पॅलेट सुचवूनच दिलं जातं. म्हणून हे एक प्रकरण मुळापासून मांडावंसं वाटलं. ते मांडता येतं, कारण तिने लेअर, म्हणजे एकमेकांवर रचलेले चित्राचे थर, एकत्र केलेले नव्हते. कागदावरचं चित्र फक्त शेवट दाखवतं. लेअर शाबूत असलेल्या फाइलमध्ये कोणता निर्णय कधी घेतला आणि कोणता घ्यायचा राहूनच गेला, हे सगळं दिसतं.

आधी रंगच तपासले

तिचा संशय रंगांवर होता, म्हणून सुरुवात तिथूनच केली. शेडिंगचे सगळे लेअर बंद केले आणि फक्त सपाट रंग ठेवले. एकेक रंग सुटा पाहिला तर कुठलाच वाईट नव्हता. लाल छान, हिरवा शांत, तपकिरी उबदार. तरीही चित्र लांबून पाहिलं की मान, खांदा आणि केस यांचा एकच गोळा दिसत होता.

मग सगळ्यात वर एक नवा लेअर घेतला, तो काळ्याने भरला आणि त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या लेअरमध्ये मिसळण्याची पद्धत, ‘कलर’ केला. या मोडमध्ये खालच्या चित्राचा उजळपणा तसाच राहतो, फक्त रंग निघून जातो. लेअर लावल्याबरोबर केस, स्कार्फ आणि कोट तिन्ही एकाच राखाडीत बुडाले. आकडे पाहिले की कारण समजतं. लाल, हिरवा, निळा या क्रमाने स्कार्फचा लाल होता 200, 40, 45; कोटाचा हिरवा 50, 110, 80; केसांचा तपकिरी 110, 75, 60. डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणात लालचा वाटा साधारण 30 टक्के, हिरव्याचा 59 आणि निळ्याचा 11 धरतात. त्या हिशेबाने 0 ते 255 च्या मापावर स्कार्फ 89, कोटही 89 आणि केस 84. तीन वेगळे रंग, पण गडदपणा जवळजवळ एकच.

तिला हे आधी का दिसलं नाही, हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात तिचा निष्काळजीपणा मुळीच नव्हता. रंग निवडताना ती ह्यू (रंगाची जात), सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) आणि व्हॅल्यू या तीन पट्ट्या वापरत होती आणि व्हॅल्यूची पट्टी म्हणजे उजळपणा असं धरून चालली होती. त्या पट्टीवर स्कार्फ 78 होता, कोट आणि केस 43. म्हणजे पट्टीच्या मते स्कार्फ बराच उजळ. पण ती पट्टी तीन आकड्यांपैकी फक्त सर्वांत मोठा आकडा मोजते. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघांचीही व्हॅल्यू 100 येते. वरच्या हिशेबात मात्र पिवळा 89 टक्क्यांवर आणि निळा 11 टक्क्यांवर जातो. डोळे बारीक करून पाहिलं तरी हा फरक कळतो. नवशिक्याने पट्टीवर विश्वास ठेवू नये, राखाडी लेअरवर ठेवावा. तो लेअर फाइल उघडतानाच वर टाकून ठेवायचा आणि डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून हवा तेव्हा चालू-बंद करायचा.

म्हणजे पॅलेट बदलून हे चित्र सुधारलं नसतं. कितीही देखण्या पाच रंगांची पट्टी आणली असती तरी ते रंग पुन्हा त्याच एका गडदपणावर जाऊन बसले असते. चित्रात गडद-फिक्याचा आराखडाच नव्हता.

आणि ही गोष्ट मांगाच्या बाबतीत जास्तच बोचते. जपानमधली बहुतेक मांगा मासिकं-साप्ताहिकं स्वस्त कागदावर एकाच शाईत छापली जातात. रंगीत पानं सुरुवातीला थोडी, तीही निवडक. त्यामुळे तिथल्या चित्रकारांना पात्र ओळखू येण्यासाठी रंगाची मदत मिळतच नाही. केस पूर्ण काळे भरायचे, त्याला ते ‘बेता’ म्हणतात. किंवा ठिपक्यांचा स्क्रीनटोन लावायचा. किंवा कागद कोरा सोडायचा. या तीन पायऱ्यांवर अख्खं पात्र उभं राहतं. एका पानावर चार मुली असल्या तरी कोण कोण ते केसांवरूनच कळतं. ही शैली आपल्याला आवडते ती बऱ्याच अंशी या शिस्तीमुळे. डिजिटल रंग हाताशी आले की नवशिके नेमकी हीच शिस्त पहिल्यांदा सोडतात.

सावली

आता शेडिंगचे लेअर चालू केले. मळकटपणाचा दुसरा अर्धा भाग इथे होता.

तिने सावलीसाठी काळा रंग, मऊ एअरब्रश आणि कमी ओपॅसिटी (अपारदर्शकता) वापरली होती. प्रत्येक भागाच्या कडेकडेने काळं फिरवलेलं आणि मध्यभाग उजळ सोडलेला. गालाच्या दोन्ही बाजूंना सावली, नाकाच्या दोन्ही बाजूंना सावली, कोटाच्या दोन्ही बाह्यांना आतून-बाहेरून सावली. उजेड कुठून येतोय, असं विचारलं तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता. सगळ्या कडा सारख्या काळवंडल्या की आकृती फुगवलेल्या उशीसारखी दिसते, आणि रंगही कळकट वाटतो.

काळ्याने काय होतं ते त्वचेवर नीट दिसतं. तिची त्वचा होती 255, 220, 195. त्यावर 30 टक्के काळा दिला की उरतो 179, 154, 137. तिन्ही आकडे सारख्याच प्रमाणात खाली येतात. रंगाची जात तीच राहते, पण तो विझतो. फिकट त्वचेचा विझलेला रंग डोळ्याला मातकट वाटतो. आता त्याच त्वचेवर मल्टिप्लाय मोडच्या लेअरमध्ये फिका गुलाबी, समजा 235, 185, 190 दिला तर उत्तर येतं 235, 160, 145. ह्यू 25 अंशांवरून साधारण 10 अंशांकडे, म्हणजे लालकडे सरकतो, आणि सॅच्युरेशन 24 टक्क्यांवरून 38 वर चढतं. सावली पडली, तरी खाली रक्त वाहतंय असं वाटतं. मल्टिप्लायमध्ये दोन रंगांचे आकडे गुणून 255 ने भागले जातात, एवढंच त्याचं गणित. पण हे एकदा कळलं की ‘सावलीला कुठला रंग घ्यायचा’ हा प्रश्न अंदाजावर सोडावा लागत नाही.

कोट आणि केसांसाठी गुलाबी चालत नाही. तिथे निळसर जांभळी झाक बरी पडते, म्हणून त्यांचा सावलीचा लेअर वेगळा ठेवला.

आणि एअरब्रश बाजूला ठेवायला सांगितलं, निदान या चित्रापुरता. मांगा आणि अॅनिमे यांच्या रंगकामात जी कडक कडेची सावली दिसते ती पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांवर सपाट रंग भरण्याच्या पद्धतीतून आली. एक मूळ रंग, एक सावलीचा रंग, दोघांमध्ये स्पष्ट सीमा. नवशिक्याला ही पद्धत कठोर वाटते, कारण सावलीचा आकार इथे ठरवावाच लागतो. हनुवटीची मानेवर पडलेली सावली म्हणजे एक ठाम आकार. बटांची कपाळावर पडलेली सावली, तोही आकार. मऊ ब्रशने तो निर्णय टाळता येतो, म्हणून तो ब्रश हवाहवासा वाटतो. उजेड डावीकडून वरून, असं एकदा ठरवलं आणि लेअरच्या एका कोपऱ्यात बाण काढून ठेवला. बाकीचे निम्मे प्रश्न त्या बाणाने सोडवले.

मागे जाऊन: रेघा, डोळे आणि कॅनव्हास

रंगांचं निदान झालं होतं, पण फाइलमध्ये आणखी काही गोष्टी होत्या ज्यांनी रंगांचं काम अवघड करून ठेवलं होतं.

कॅनव्हास 1000 बाय 1000 पिक्सेलचा होता. आकृती उंचीला 900 पिक्सेल, प्रमाण सात डोक्यांचं, म्हणजे डोकं 130 पिक्सेलच्या आत आणि डोळा जेमतेम 25 ते 30. एवढ्या जागेत पापणी, बुबुळ, बाहुली आणि चमक बसवायची म्हणजे ठिपके मोजत बसायचं. तिला वाटत होतं की आपल्याला डिजिटल डोळे जमत नाहीत. हेच चित्र ए4 आकारात 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके) घेतलं, म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल, तर डोकं साधारण साडेचारशे पिक्सेलचं होतं आणि डोळ्याला शंभरेक पिक्सेल मिळतात. जपानमध्ये छापील कामासाठी रंगीत चित्रं सहसा 350 आणि कृष्णधवल पानं 600 डीपीआयवर करतात, पण शिकायला 300 पुरेसे आहेत. जुन्या संगणकावर त्याहून मोठी फाइल ब्रशला मागे खेचते, आणि मागे रेंगाळणाऱ्या ब्रशने रेघ कधीच चांगली येत नाही.

रेघेचं दुखणं वेगळं. तिने लाइनआर्टसाठी, म्हणजे स्केचवरच्या पक्क्या रेघांसाठी, पेन्सिलीच्या पोताचा, अर्धपारदर्शक ब्रश घेतला होता, कारण तो वहीतल्यासारखा वाटतो. दिसायला तो सुंदरच होता. पण बकेटने, म्हणजे बंद जागा एका टिचकीत भरणाऱ्या फिल टूलने, रंग ओतला की तो रेघेच्या फिकट पिक्सेलपाशी थांबे आणि रेघ व रंगामध्ये पांढरी किनार राही. जिथे रेघा जुळल्या नव्हत्या तिथून रंग पार पार्श्वभूमीपर्यंत वाहून जाई. ती ते सगळं हाताने, झूम करून पुसत बसली होती. रंगकामाचा तिला कंटाळा आला तो इथेच, असं मला वाटतं. उपाय सोपे आहेत. रेघेला भरीव शाईचा ब्रश घ्यायचा. भराई सपाट रंगांच्या लेअरवर करायची, पण फिल टूलला संदर्भ सगळ्या लेअरचा द्यायचा. निवड एक-दोन पिक्सेलने वाढवायची, म्हणजे रंग रेघेच्या पोटात शिरतो. क्रितामध्ये कलराइझ मास्क आहे. त्यात प्रत्येक भागावर रंगाचा एकेक फराटा मारला की तो रेघांचा अंदाज घेऊन स्वतः पसरतो आणि छोट्या फटींना फारशी दाद देत नाही. केसांच्या बटांसाठी तो विशेष कामाचा.

रेघ थरथरते, अशीही तिची तक्रार होती. ब्रश स्मूदिंगमध्ये स्टॅबिलायझर चालू केला की थरथर कमी होते, पण तो फार वाढवला तर रेघ पेनाच्या मागे ओढल्यासारखी येते आणि वळणांचा जोर जातो. खरा फरक पडला तो मनगटाऐवजी कोपरातून रेघ ओढल्याने आणि लांब रेघ एका दमात घेतल्याने. शिवाय पडदा नसलेल्या टॅबलेटबद्दल एक तपासणी प्रत्येकाने करावी: टॅबलेटवर नाणं ठेवून त्याच्याभोवती पेन फिरवायचं. पडद्यावर अंडाकृती आली तर टॅबलेटचं क्षेत्र आणि पडदा यांचं प्रमाण जुळत नाही. तिचं जुळत नव्हतं. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडला आणि तिच्या हाताला ओळखीची वळणं परत मिळाली. तोवर ती पडदेवाला महाग टॅबलेट घ्यायच्या विचारात होती. या टप्प्यावर त्याची काही गरज नव्हती.

डोळ्यांत मात्र एक खास डिजिटल चूक होती. जवळचा डोळा मन लावून काढलेला, आणि दूरचा डोळा त्याचीच नक्कल करून, आडवा उलटून चिकटवलेला. सोय आहे म्हणून हा मोह होतोच. पण वळलेल्या चेहऱ्यात दूरचा डोळा रुंदीला अरुंद होतो, त्याचा बाहेरचा कोपरा चेहऱ्याच्या वळणात लपतो. आणि उलटवल्यामुळे बुबुळातली चमक एका डोळ्यात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे गेली होती; जणू दोन डोळ्यांसमोर दोन वेगळे दिवे. दूरचा डोळा नव्याने काढला, चमक दोन्हीकडे डावीकडे वर घेतली. क्रितामध्ये एम दाबलं की कॅनव्हास आरशातल्यासारखा उलटा दिसतो. तिने तो उलटा पाहिला तेव्हा जबडा एका बाजूला झुकलेला तिचा तिलाच दिसला; मला दाखवावा लागला नाही.

पुन्हा रंगवताना

स्केच तेच ठेवलं. ते खरंच चांगलं होतं, आणि चांगलं स्केच फेकायला लावणं मला कधीच पटलेलं नाही. नव्या कॅनव्हासवर ते मोठं करून, ओपॅसिटी वीस टक्क्यांवर आणून, त्यावर नव्याने रेघ काढली. बाहेरची कड जाड, नाकाची आणि घड्यांची रेघ बारीक. हनुवटीखाली, कॉलरच्या आत आणि बटा जिथे एकत्र येतात तिथे रेघ मुद्दाम जाड. तिथे आपोआप गडदपणा साचतो आणि सावलीचं थोडं काम रेघच करून टाकते.

यानंतर रंग नाहीत. तीन राखाडी. केस जवळजवळ काळे, कोट मधला, त्वचा जवळजवळ कोरी. स्कार्फचं काय करायचं यावर ती बराच वेळ अडून राहिली, कारण स्कार्फ केसांना आणि कोटाला दोघांनाही टेकतो. शेवटी तो केस आणि कोट यांच्या मधल्या पायरीवर ठेवला आणि कोट आणखी फिका केला. सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा वेळ हाच होता, आणि तो एकही रंग न लावता गेला.

मग त्या राखाडीला जुळणारे रंग शोधले, वरचा काळा ‘कलर’ लेअर चालू-बंद करत. केस 48, 34, 40. स्कार्फ 225, 75, 65. कोट 150, 175, 150. त्वचा तीच. उजळपणाचा हिशेब आला 39, 119, 165 आणि 228. गंमत म्हणजे हिरवा, लाल, तपकिरी हे तिचे आवडते तिन्ही रंग चित्रात राहिलेच. फक्त प्रत्येकाला स्वतःची पायरी मिळाली. कोट फिका आणि जरा दबलेला झाल्यावर स्कार्फ आपोआप पेटला, त्याची तीव्रता वाढवावी लागली नाही.

सावलीचे लेअर जोडताना तिला क्रिताने एकदा चकवलं. इनहेरिट अल्फा चालू केलं तरी सावली त्वचेबाहेर पसरत होती. हा पर्याय आपल्या गटातल्या खालच्या सगळ्या लेअरचा आकार धरतो, आणि गट केलेला नसेल तर भरलेली पार्श्वभूमीही त्यात मोजली जाते. त्वचेचा सपाट लेअर आणि त्याची सावली एका गटात टाकली की सावली बरोबर त्वचेच्या आत राहते. क्लिप स्टुडिओ पेंटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम लगेच खालच्या लेअरला क्लिप करून होतं, त्यामुळे तिथले धडे पाहून क्रिता वापरणारे इथे हमखास अडतात.

डोळ्यांना तिने सगळ्यात शेवटी हात घातला. बुबुळाचा वरचा भाग गडद, कारण पापणीची सावली त्यावर पडते. खाली तोच रंग उजळत जातो. डोळ्याचा पांढराही पांढराशुभ्र न ठेवता वरून हलका जांभळट. चमक एकच, पण कडक. केसांवर जपानी चित्रकार ज्याला ‘तेन्शी नो वा’ म्हणतात तो चमकेचा पट्टा घेतला, डोक्याच्या गोलाईने वळणारा आणि बटांबटांनी तुटलेला. पहिल्या चित्रात तो सरळ आडवा होता, त्यामुळे डोकं सपाट दिसत होतं.

शेवटी लाइनआर्टचे पारदर्शक पिक्सेल लॉक करून, म्हणजे रंग फक्त रेघांवरच चढेल असं करून, त्वचेभोवतीच्या रेघा गडद तपकिरी केल्या. बाहेरची कड आणि पापण्या काळ्याच ठेवल्या. चेहरा लगेच हलका झाला. फाइल लेअरसकट वेगळी जपली आणि दाखवायची प्रत पीएनजीत काढली. जेपीजीत लाल स्कार्फाच्या कडेला धुरकट ठिपके आले होते, ते कॉम्प्रेशनमुळे.

दोन्ही चित्रं शेजारी छोटी करून ठेवली, तळहाताएवढी, तर दुसऱ्यात मुलगी, धनुष्य आणि स्कार्फ एका नजरेत कळतात. पहिल्यात फक्त चेहरा कळतो. धनुष्य धरलेला हात मात्र दोन्हीकडे कच्चा आहे. बोटं धनुष्याच्या मुठीभोवती वळण्याऐवजी तिच्यावर टेकलेली वाटतात, आणि ते रंगाने झाकलं जाण्यासारखं नाही. कोटाच्या घड्यांचंही तसंच: सावलीचे आकार आता ठाम आहेत, पण कापड कुठून ताणलं जातंय याचा विचार त्यांत अजून दिसत नाही. हातांसाठी तिने आपल्याच हाताचे फोटो काढून, टॅबलेट बंद ठेवून, वहीत रेखाटनं सुरू केली आहेत. पुढच्या पात्राची तीन राखाडी रंगांतली छोटी मांडणी तिने आधीच पाठवली आहे. त्यात केस कोरे सोडलेत आणि अंगरखा पूर्ण काळा.